डब्यातली लाज, ताटातला मान
(लॉब्स्टर रोलची कुळकथा)

इ. स. १६२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील प्लिमथ या इंग्रज वसाहतीत नवी माणसे जहाजाने येऊन उतरली. आधी आलेल्यांपैकी कुणाची ती बायका-मुले होती, कुणाचे जुने स्नेही. मोठ्या विरहानंतरची ही भेट. पण यजमानांच्या माना खाली होत्या. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने पुढे आपल्या वृत्तांतात त्याचे कारण नमूद करून ठेवले. पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखे त्यांच्यापाशी फार तर एखादा लॉब्स्टर किंवा माशाचा तुकडा होता. सोबत पाव नव्हता आणि प्यायला झऱ्याचे पाणी तेवढे होते.

आज त्याच किनाऱ्यावर उन्हाळा आला की दूरदूरचे लोक टपऱ्यांपुढे रांगा लावून उभे राहतात. लोण्यावर भाजलेल्या मऊ लांबट पावात लॉब्स्टरच्या मांसाचे थंड सॅलड भरलेले असते. त्याला म्हणतात ‘लॉब्स्टर रोल’. २०२१ च्या उन्हाळ्यात अनेक ठिकाणी अशा एका रोलला तीस डॉलरहून अधिक दाम पडत होता. ब्रॅडफर्डला ज्याची लाज वाटली तो लॉब्स्टर आज महाग झाला आहे आणि ज्याच्या उणिवेने त्याचे मन खंतावले तो पाव त्या रोलमधला सर्वांत स्वस्त जिन्नस ठरला आहे. ही उलटापालट कशी घडली आणि ती घडत असताना समुद्रात सापळे टाकणाऱ्या माणसाच्या पदरी काय पडले, हा या लेखाचा विषय आहे.

शेवंड आणि लॉब्स्टर

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. लॉब्स्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेवंड येते. परंतु आपली शेवंड निराळी आणि अटलांटिकचा हा लॉब्स्टर निराळा. शेवंडीला लांबच लांब काटेरी मिशा असतात. मोठ्या नांग्या मात्र तिला नसतात. तिचे खाण्याजोगे मांस बहुतेक शेपटीत. अमेरिकन लॉब्स्टरला दोन दणकट नांग्या असतात, एक चिरडणारी आणि दुसरी कापणारी. या नांग्यांतले आणि त्यांच्या सांध्यांतले मांस सर्वांत गोड समजले जाते. जिवंतपणी त्याचा रंग हिरवट-काळसर असतो. उकळत्या पाण्यात गेला की तो लालभडक होतो, कारण त्याच्या कवचातले तांबडे द्रव्य एका प्रथिनाने बांधून ठेवलेले असते आणि उष्णतेने ते बंधन तुटते. लाल रंग मुळात असतोच. शिजल्यावर तो केवळ दिसू लागतो.

कॅनडाच्या लॅब्राडोरपासून अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनापर्यंतच्या थंड पाण्यात हा प्राणी सापडतो. पूर्वी तो इतका मुबलक होता की तिथले मूळ रहिवासी त्याचे मांस खात आणि शेताला खत म्हणूनही त्याचा उपयोग करीत. नोव्हा स्कोशियाच्या परिसरातील मिकमाक हे त्यांपैकी एक राष्ट्र. त्यांचा थोर प्रमुख मेम्बर्तू याने २४ जून १६१० रोजी, संत योहान बाप्तिस्ताच्या सणादिवशी, पोर्ट-रॉयल येथे आपल्या कुटुंबीयांसह बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून या लोकांचे आणि ख्रिस्तसभेचे नाते चारशे वर्षांहून अधिक काळ टिकले आहे. लॉब्स्टरच्या कथेत त्यांना आपण पुढे पुन्हा भेटणार आहोत.

लॉब्स्टरच्या गरिबीविषयी एक आख्यायिका फार प्रसिद्ध आहे. जुन्या काळी नोकरांनी मालकाशी करार केला होता म्हणे, की आठवड्यातून तीनदाच लॉब्स्टर वाढावा, त्याहून अधिक नको. कथा गमतीची आहे, पण असा एकही करारनामा अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. युरोपात हीच गोष्ट सामन माशाविषयी सांगितली जाते. गरिबांच्या अन्नाची थट्टा करायला माणसांना नेहमीच आवडते. खरी गरिबी मात्र आख्यायिकेत नव्हती. ती एकोणिसाव्या शतकातील डब्यांच्या कारखान्यांत होती.

डब्यांचा धंदा

मेलेला लॉब्स्टर झपाट्याने नासतो, म्हणून तो दूरच्या बाजारात पाठवणे शक्य नव्हते. यावर पहिली तोड म्हणजे पोटात समुद्राचे पाणी खेळवणारी गलबते. ती जिवंत लॉब्स्टर बॉस्टन आणि न्यूयॉर्कला नेत. दुसरी तोड डबाबंदीची. १८४० च्या दशकात मेन राज्यातील ईस्टपोर्ट येथे लॉब्स्टर शिजवून पत्र्याच्या डब्यांत भरण्याचा धंदा सुरू झाला आणि पुढे तो कॅनडाच्या किनाऱ्यावर पसरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे असे शेकडो लहानमोठे कारखाने होते. बायका आणि मुली उभ्या राहून कवचे फोडत, मांस वेगळे काढत आणि ते काळे पडू नये म्हणून डब्याला आतून कागद लावून भरत.

धंदा वाढला, पण कोळी होता तिथेच राहिला. सापळ्यांचे लाकूड, दोर, मीठ, पीठ, चहा हे सारे तो व्यापाऱ्याच्या दुकानातून उधारीवर आणी आणि हंगामाची मासळी त्याच व्यापाऱ्याला घाली. उधारीचा भाव व्यापारी ठरवी आणि मासळीचा भावही तोच ठरवी. हंगाम सरला की वहीत कोळ्याच्याच नावे बाकी निघे. उचल घेऊन जन्मभर न फिटणाऱ्या देण्याखाली दबलेली माणसे आपल्या किनाऱ्यालाही अपरिचित नाहीत.

नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविकमधील वृद्ध माणसे बालपणीची एक आठवण सांगत आली आहेत. शाळेच्या डब्यात लॉब्स्टर घातलेला पाव असणे ही त्या काळी गरिबीची खूण होती. ज्याच्या बापाच्या हाती रोख पैसा असे, त्याच्या डब्यात दुकानातले विकतचे मांस असे. कोळ्याची पोरे आपला डबा झाकून खात, नाहीतर कुणाशी अदलाबदल करीत. आज ज्या पावासाठी श्रीमंत माणसे रांग लावतात, त्याचा खरा पूर्वज तो झाकलेला डबा आहे. कुठल्याही आचाऱ्याने तो शोधून काढला नव्हता. पहाटे काळोखात उठून, घरात जे होते ते पावात घालून मुलाच्या हाती देणाऱ्या आयांनी तो केला होता.

कॅन्सोचे फादर

या किनाऱ्यावरच कॅथलिक समाजाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण घडले. नोव्हा स्कोशियातील अँटिगोनिश येथे सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठ आहे. तिथले फादर जेम्स टॉमकिन्स, ज्यांना लोक प्रेमाने फादर जिमी म्हणत, यांनी १९२१ साली ‘लोकांसाठी ज्ञान’ अशा आशयाची एक पुस्तिका काढली. विद्यापीठाने चार भिंतींबाहेर पडून खाणकामगार, शेतकरी आणि कोळी यांच्यापर्यंत गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. महाविद्यालयांच्या एकत्रीकरणाच्या प्रश्नावर त्यांचे वरिष्ठांशी मतभेद झाले आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची रवानगी कॅन्सो या दूरच्या कोळी गावात धर्मग्रामगुरू म्हणून झाली. ती एक प्रकारची शिक्षाच होती. फादर जिमींनी मात्र तिचे सोने केले.

१ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या संघराज्याला साठ वर्षे पूर्ण झाली. देशभर सोहळे होत असताना कॅन्सोचे कोळी एकत्र जमले आणि त्यांनी विचारले, आम्ही कशाचा आनंद साजरा करावा? हा प्रश्न वृत्तपत्रांतून गाजला आणि धर्मप्रांतातील धर्मगुरूंनी तो उचलून धरला. सरकारने मच्छीमारीच्या चौकशीसाठी एक शाही आयोग नेमला आणि आयोगाने कोळ्यांच्या सहकारी संघटनेची शिफारस केली. १९२८ साली विद्यापीठात लोकशिक्षण विभाग सुरू झाला. त्याचे पहिले संचालक होते फादर मोझेस कोडी, फादर जिमींचे नातलग.

कोडींची कार्यपद्धती साधी होती. आधी गावात एक मोठी सभा, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची लहान अभ्यासमंडळे. ही मंडळे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, चुलीभोवती, कंदिलाच्या उजेडात बसत. लॉब्स्टरला बॉस्टनमध्ये काय भाव मिळतो, आपल्याला काय मिळतो आणि मधला पैसा कुठे जातो, हा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मुले वाचून दाखवीत. सेंट मार्था संघाच्या धर्मभगिनी स्त्रियांच्या मंडळांना मार्गदर्शन करीत. कॅन्सोजवळच्या लिटल डोव्हर या अत्यंत गरीब वाडीतील कोळ्यांनी स्वतः रानात जाऊन लाकूड तोडले आणि स्वतःच्या हातांनी लॉब्स्टर डबाबंद करण्याचा आपला कारखाना उभारला. १९३० साली हॅलिफॅक्स येथे या प्रांतांतील कोळ्यांचा संयुक्त सहकारी संघ स्थापन झाला. गावोगावी पतपेढ्या निघाल्या.

या कार्याला अधिष्ठान होते पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’ या विश्वपत्राचे. १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी त्याच विचाराचा पुढचा टप्पा मांडला. आत्म्याच्या तारणाची चिंता वाहणाऱ्या धर्मगुरूला आपल्या माणसाच्या वहीतली बाकी दिसलीच पाहिजे, अशी फादर कोडींची धारणा होती. माणसे स्वतःच्या भवितव्याची धनी व्हावीत, हे त्यांच्या १९३९ च्या ग्रंथाचे सूत्र आणि त्याचे नावही तेच. वसईच्या वाचकांना यात काही परके वाटणार नाही. इकडे १९१८ सालीच मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक समाजाची सहकारी पतपेढी उभी राहिली होती. समुद्र निराळे होते, सावकाराची वही मात्र सारखीच होती.

हा सारा इतिहास यशाचाच आहे असे नाही. कोळ्यांचा तो मोठा संघ १९८० च्या दशकाच्या अखेरीस आर्थिक अडचणींत सापडून बंद पडला. तरीही चळवळीचे बीज वाया गेले नाही. फादर कोडी १९५९ साली निवर्तले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेत भारतासह अनेक देशांतील कार्यकर्ते शिकून गेले. त्या किनाऱ्यावरची अनेक मुले शाळेचा डबा झाकायचे विसरली, हेही लहान फळ नव्हे.

सॅलड, अंड्याचे लोणी आणि पाव

रोल जन्माला येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. पहिली म्हणजे लॉब्स्टर सॅलड. रेल्वे आणि बर्फ यांच्या सोयीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी श्रीमंत उन्हाळ्यात मेनच्या किनाऱ्यावर हवापालटास येऊ लागले. कोळ्याच्या घरी जे रोजचे होते ते त्यांना अपूर्वाईचे वाटले. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या फॅनी फार्मर यांच्या बॉस्टनमधील सुप्रसिद्ध पाकपुस्तकात लॉब्स्टर सॅलडला मानाचे स्थान आहे.

दुसरी गोष्ट मेयोनेज. अंड्याचा बलक, तेल आणि आंबट रस एकजीव घोटून केलेले हे दाट मिश्रण पूर्वी घरोघरी हाताने करावे लागे आणि ते हमखास फुटे. न्यूयॉर्कमधील रिचर्ड हेलमन या जर्मन स्थलांतरिताने १९१२ पासून ते बाटलीत भरून मोठ्या प्रमाणावर विकायला सुरुवात केली. मग सामान्य गृहिणीलाही सॅलड करणे सोपे झाले.

तिसरी गोष्ट पाव. हा शब्दच मुळी पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेला. तो आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचे परकेपण आता जाणवत नाही. न्यू इंग्लंडच्या रोलचा पाव बाजूने चिरलेला नसतो, वरून चिरलेला असतो. त्याच्या दोन्ही कडांना कवच नसते, म्हणून त्या लोणी लावून तव्यावर सपाट भाजता येतात. हॉवर्ड जॉन्सन या उपाहारगृहांच्या साखळीला तळलेल्या शिंपल्यांसाठी नीट उभा राहणारा पाव हवा होता आणि १९४० च्या दशकात मेनमधील एका बेकरीने तो बनवून दिला, असे मानले जाते. त्याआधी, १९२९ च्या सुमारास, कनेटिकट राज्यातील मिलफर्ड येथे पेरी यांच्या उपाहारगृहात वितळलेल्या लोण्यातला गरम लॉब्स्टर पावात घालून देत असत, अशीही नोंद सापडते. कनेटिकटचा रोल आजही गरम आणि लोण्याचा असतो, मेनचा थंड आणि मेयोनेजचा. दोन्ही पक्ष आपापल्या मतावर ठाम आहेत. त्या वादात पडण्याचे आपल्याला कारण नाही.

घरी कसा करतात

मेनच्या घरांतला रोल अगदी साधा असतो. चार रोलसाठी प्रत्येकी साधारण साडेपाचशे ग्रॅमचे चार लॉब्स्टर लागतात. कवच जाऊन हाती मांस उरते सुमारे साडेचारशे ग्रॅम. एवढ्या वजनाला येण्यासाठी त्या प्राण्याला पाच ते सात वर्षे लागतात, हे शिजवणाऱ्याने ध्यानात ठेवावे. लॉब्स्टर आधी बराच वेळ बर्फगार जागी ठेवून बधिर करतात, मग समुद्राइतक्या खारट उकळत्या पाण्यात डोके खाली करून सोडतात. स्वित्झर्लंडने २०१८ साली तो बधिर न करता उकळण्यास कायद्याने मनाई केली. मुक्या जिवाविषयीची ही काळजी योग्यच आहे. दहा-बारा मिनिटांत तो शिजतो. अधिक वेळ ठेवला तर मांस रबरासारखे होते.

निवल्यावर नांग्या, सांधे आणि शेपटी फोडून मांस अखंड काढावे. शेपटीतली काळी शीर काढून टाकावी. मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. बारीक चिरू नये, कारण खाताना ते ओळखू आले पाहिजे. त्यात तुकडे जेमतेम धरून राहतील इतकेच मेयोनेज, थोडा लिंबाचा रस, मीठ आणि मिरपूड. काही घरांत सेलरीची बारीक चिरलेली दांडी घालतात, काही घरांत तेही पाप समजतात. हे मिश्रण झाकून गार करावे. खायच्या वेळी पावाच्या दोन्ही कडांना लोणी लावून तव्यावर सोनेरी भाजावे आणि कोमट पावात थंड सॅलड भरावे. मसाला नाही, फोडणी नाही. आपल्या जिभेला पहिल्या घासाला ते मिळमिळीत वाटेल. दुसऱ्या घासाला समुद्राची गोडी कळते.

शुक्रवारचा लॉब्स्टर

जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात, पाण्यातल्या ज्या प्राण्यांना पंख आणि खवले नाहीत ते निषिद्ध ठरवले आहेत. लॉब्स्टरला ही दोन्ही नाहीत. पुढे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १० व्या अध्यायात यापो येथे संत पेत्राला दृष्टान्त होतो. आकाशातून चादर उतरते आणि तिच्यात सर्व तऱ्हेचे प्राणी असतात. या दृष्टान्ताचा खरा अर्थ अन्नापुरता नव्हता. तो कळायला पेत्राला परकीय कर्नेल्याच्या उंबऱ्याशी जावे लागले. देवाने कोणत्याही माणसाला अपवित्र लेखलेले नाही, हा तो अर्थ.

ख्रिस्तसभेच्या मांसवर्ज्य दिवसांत मासे आणि कवचधारी जलचर यांना मुभा आहे. गरीब कोळ्याच्या घरी शुक्रवारचा लॉब्स्टर हे खरोखरच साधे अन्न होते. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली प्रायश्चित्ताचे नियम नव्याने मांडले तेव्हा बाह्य नियमापेक्षा अंतःकरणाच्या परिवर्तनावर भर दिला. आज उपवासकाळातल्या शुक्रवारी तीस डॉलरचा रोल खाणाऱ्याने नियम मोडला असे म्हणता येणार नाही, पण त्याने तो पाळला असे म्हणायलाही जीभ कचरते. पदार्थ तोच राहिला, त्याभोवतीची माणसे बदलली. म्हणून त्यागाचे माप ताटातल्या जिनसावरून घेता येत नाही.

दोन समाज, एक समुद्र

आता मिकमाकांकडे वळू. १७५५ पासून इंग्रजांनी या किनाऱ्यावरील फ्रेंच भाषक कॅथलिक अकेडियन लोकांना घरेदारे जाळून हद्दपार केले, तेव्हा अनेकांना मिकमाकांनी रानात आसरा दिला. पुढे अकेडियन परतले, उरल्यासुरल्या खडकाळ जागी वसले आणि लॉब्स्टर पकडू लागले. १७ सप्टेंबर १९९९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १७६०-६१ च्या तहांचा आधार घेऊन मिकमाकांचा मासळी पकडून विकण्याचा आणि त्यावर माफक उपजीविका करण्याचा हक्क मान्य केला. त्याला एकवीस वर्षे झाली त्या दिवशी, २०२० साली, त्यांच्या एका शाखेने सोनियरव्हिल या अकेडियन गावाच्या धक्क्यावरून आपली स्वतंत्र लॉब्स्टर मच्छीमारी सुरू केली. सरकारी हंगामाबाहेर मासळी काढल्याने साठा संपेल, अशी इतर कोळ्यांची भीती. तहाने दिलेला हक्क कुणाच्या परवानगीवर अवलंबून नाही, हे मिकमाकांचे म्हणणे. तंटा विकोपाला गेला आणि १७ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे मिडल वेस्ट पब्निको येथील लॉब्स्टर साठवणुकीची इमारत आगीत भस्मसात झाली.

मिकमाकांची आश्रयदात्री आहे संत ॲना आणि अकेडियन लोकांची स्वर्गोन्नीत मरिया. माय-लेकींच्या छत्राखालच्या दोन समाजांनी, ज्यांतला एक संकटात दुसऱ्याच्या आसऱ्याला गेला होता, एका सापळ्याच्या हक्कासाठी शत्रू व्हावे, याहून खेदाची गोष्ट कोणती? लॉब्स्टर स्वस्त होता तेव्हा कोळ्याला सावकाराने गांजले. तो महाग झाला तेव्हा कोळी कोळ्याशी भांडू लागला.

समुद्रही आता पूर्वीचा राहिलेला नाही. १९९९ साली लाँग आयलंड साउंडमध्ये लॉब्स्टर प्रचंड संख्येने मेले. जिथे गरम रोलची प्रथा जन्मली त्या कनेटिकटची लॉब्स्टर मच्छीमारी त्यानंतर सावरलीच नाही. पाणी तापत आहे आणि लॉब्स्टर थंडाव्याच्या शोधात उत्तरेकडे सरकत आहे. मेनच्या कोळ्यांचा एक जुना नियम मात्र अद्याप पाळला जातो. अंडी असलेली मादी सापळ्यात आली तर तिच्या शेपटीच्या पाकळीला एक लहान खाच पाडून तिला परत समुद्रात सोडायचे. पुढे ती अंड्यांशिवाय सापडली तरी ती खाच पाहून दुसऱ्या कोळ्यानेही तिला सोडायचे. ज्याने तिला सोडले तो आणि ज्याला ती पुन्हा सापडली तो कदाचित एकमेकांना कधी भेटणारही नाहीत. लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात शेताची कड गरिबांसाठी न कापता राखून ठेवण्याची आज्ञा आहे. समुद्रातली कड राखण्याची ही रीत त्याच जातकुळीची आहे.

ब्रॅडफर्डच्या पाहुण्यांना पाव मिळाला नाही, कोळ्याच्या पोराला पाव मिळाला तर तो झाकून खावा लागला. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो आणि ती ‘आम्हांस’ मागतो, ‘मला’ नव्हे. लॉब्स्टर रोलचा हा चारशे वर्षांचा इतिहास वाचून एवढे जरी ध्यानात राहिले, तरी पुढच्या खेपेस आपल्या मुलाच्या शाळेत कुणी आपला डबा झाकून खात असेल, तर त्याच्या शेजारी बसायला आपण आपल्या मुलाला सांगू.